गालिच्यावरची पांढरी पावलं

जगातली सगळी मोठी कामं भीतीनं झालेली आहेत. भीतीनं तटबंद्या उभ्या राहिल्या, भीतीनं तह झाले, भीतीनं राजांनी देवळं बांधली आणि भीतीनंच प्रजेनं ती भरली. सुवाल्की गावच्या लुदोमिर वासिल्चिकनंही एका जानेवारीत भीतीपोटी मोठं काम केलं. त्यानं सासूचा गालिचा स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्यांवर पसरला आणि बायकोच्या केस वाळवायच्या यंत्रानं वाळवला.

ते काम फसलं. तटबंद्यांचंही पुढं फारसं काही झालं नाही म्हणा.

लुदोमिर मुळात भित्रा नव्हे. जन्मभर त्यानं दुसऱ्यांना भिववलं होतं. शहरबसमध्ये तो तिकीट तपासनीस होता. तो मागच्या दारानं चढला की अर्धी बस खिशात हात घालायची आणि उरलेली अर्धी खिडकीबाहेर बघायची. पण निवृत्त होताना बिल्ला जमा करावा लागतो, आणि बिल्ल्याबरोबर बहुधा छातीही जमा होते. शिवाय त्याची सासू समोरच्याच दारात राहायची. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात. वासिल्चिकांच्या घरात ती जागा सासूबाईंनी घेतली होती, आणि ग्रह कायमचा वक्री होता.

या सासूबाई म्हणजे लेओकाडियाबाई, अंगानं चिमणीएवढ्या. वय ब्याऐंशी. आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नाही. ओरडणाऱ्या माणसाची भीती ओरडणं संपलं की संपते. लेओकाडियाबाई नुसत्या गप्प व्हायच्या, आणि पुन्हा कधी बोलायला लागतील ते कळायचं नाही.

झालं होतं असं. आदल्या शरदात लुदोमिरनं आंबट कोबीचं चुलीवरून उतरवलेलं भांडं सासूबाईंच्या पॉलिश केलेल्या टेबलावर तसंच ठेवलं. टेबलावर पांढरं वळं उमटलं. लेओकाडियाबाईंनी वळ्याकडं पाहिलं, जावयाकडं पाहिलं, काही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्या जुडग्यातली एक किल्ली कमी झाली होती आणि सासूबाईंच्या गळ्यात, मेरीमातेच्या पदकाशेजारी, एक किल्ली वाढली होती.

ती किल्ली गावाबाहेरच्या बागेतल्या खोपट्याची. बाग सासूबाईंच्या नावावर. खोपट्यात एक लोखंडी शेगडी, एक बसकी खुर्ची आणि एकच स्टेशन पकडणारा रेडिओ होता. तेही स्टेशन सीमेपलीकडच्या लिथुआनियाचं, भाषा कळायची नाही, त्यामुळे बातम्यांचा त्रास नाही. जन्मभर लोकांना प्रश्न विचारलेल्या माणसाला ज्या जागी कुणी काही विचारत नाही अशी जगात ती एवढीच जागा.

"वसंतात बघू," सासूबाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर बाग बियाविस्तोकच्या धाकट्या जावयाच्या नावावर करते. त्याला निदान भांड्याखाली बशी ठेवता येते."

तेव्हापासून लुदोमिर श्वाससुद्धा बशी ठेवून घेत होता.

जानेवारीत सासूबाई तीन आठवडे चेखोचिनेकच्या आरोग्यधामाला गेल्या. तिथं काटक्यांच्या उंच भिंतींवरून खारं पाणी ओघळत असतं आणि म्हातारी माणसं त्याच्या कडेनं फिरत ती हवा छातीत भरून घेतात. जाताना त्यांनी घराची किल्ली मुलीकडं, म्हणजे मिर्काकडं दिली आणि उंबऱ्यात थांबून जावयाला म्हणाल्या, "झाडांना पाणी. गालिच्याला हात नाही."

गालिचा त्यांच्या सोफ्यामागं भिंतीवर होता. तळ्याकाठी तीन सांबरं, मागं जंगल, खाली झालर. दर शनिवारी लेओकाडियाबाई त्या झालरीला फणी करायच्या. त्या गालिच्यावर आजवर पाय पडला नव्हता, माशीसुद्धा बसताना विचार करायची.

आणि नेमकी कोलेंडा आली. दर जानेवारीत चर्चचे फादर दारोदार येऊन घराला आशीर्वाद देतात ती. पांढरा टेबलक्लॉथ काढायचा, क्रूस मांडायचा, मेणबत्त्या लावायच्या. ते सगळं होतं. प्रश्न जमिनीचा होता.

"गेल्या वर्षी फादर आपल्या फाटक्या गालिच्यात पाय अडकून पडता पडता वाचले," मिर्का म्हणाली. "अख्ख्या जिन्यात चर्चा झाली. यंदा मी ते लक्तर घालणार नाही."

"मग उघडी फरशी ठेवू."

"ठेव. म्हणजे लोक म्हणतील, गालिचा विकून खाल्ला."

लुदोमिरनं विचार केला. इथंच चुकलं. तो म्हणाला, "आईंचा आणू का? तासाभरासाठी?"

मिर्कानं त्याच्याकडं आगीत उडी घेणाऱ्या माणसाकडं बघावं तसं पाहिलं. पण नको म्हणाली नाही. त्यावर पुढं दोघांत बराच वाद झाला, तो इथं नको.

फादर सेवेरिन नवे होते, तरुण, सहा फुटी, आणि त्या उंचीला शोभतील असे बूट घातलेले. सज्जन माणूस. दाराशी त्यांनी पायपुसण्यावर पाय घासघासून पुसले. पण ते पायपुसणं नोव्हेंबरपासून सगळ्या जिन्याचे बूट चाटत होतं. आमच्याकडं इमारतीचा राखणदार ओनुफ्री पायऱ्यांवर बर्फ वितळवायचं मीठ मुठीमुठीनं टाकतो, पेरणी केल्यासारखं. ते सगळं त्या पायपुसण्यात मुरलं होतं. त्याच्यावर पाय पुसणारा माणूस आला त्याहून खारट होऊन आत जायचा.

फादर नाडी सोडायला वाकले.

"छे छे फादर, बूट नका काढू," लुदोमिर म्हणाला.

"अहो, बाहेर केवढी राड आहे."

"राहू द्या हो."

"तुमची सांबरं आहेत खाली."

"ती काय, रानातलीच आहेत. चिखलाची सवय आहे त्यांना."

आता, आमच्याकडं याची रीत ठरलेली आहे. पाहुण्यानं वाकायचं, यजमानानं नको म्हणायचं. पुन्हा वाकायचं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा पाहुणा बूट काढतो आणि यजमान सपाता पुढं करतो. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण लुदोमिरला ऐन वेळी आठवलं, की घरात पाहुण्यांसाठी सपातांचा एकच जोड आहे, मिर्काचा, गुलाबी, सशाच्या कानांचा. फादर सेवेरिन सशाच्या कानांत उभे राहून प्रार्थना म्हणतायत हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढं आलं. घाबरलेल्या माणसाला कुठं थांबावं कळत नाही. त्यानं तिसऱ्यांदाही नको म्हटलं, आणि चौथ्यांदा तर फादरांचा दंडच धरला.

"फादर, लाजवू नका."

फादर आत आले. प्रार्थना म्हणाले, पवित्र पाणी शिंपडलं, खडूनं दारावर अक्षरं काढली. मग खिडकीपाशी जाऊन बाहेरचा देखावा बघितला, परत आले, पुन्हा गेले. तरुण माणूस, एका जागी उभा राहत नव्हता. जाताना म्हणाले, "गालिचा सुंदर आहे तुमचा."

"सासूबाईंचा," लुदोमिर म्हणाला, आणि त्याला पहिली उचकी लागली.

सकाळी गालिचा सुकला तेव्हा त्यावर पांढरी पावलं उमटली होती. टेबलापासून खिडकीपर्यंत आणि परत. दिवाळीत लक्ष्मीची काढतात तशी आखीव, फक्त माप फादरांचं. मधल्या सांबराच्या तोंडावर एक अख्खा तळवा होता.

मिर्का खुर्चीत बसली. लुदोमिर गुडघ्यांवर बसला. प्रार्थनेला उशीर झाला होता, म्हणून त्यानं साबण घेतला.

साबणानं ती पावलं गेली नाहीत. ती बुळबुळीत झाली. हाताला शेवाळ लागावं तसं लागायचं, आणि जितकं घासावं तितका फेस आणि जितका फेस तितकी चिकटी. मग केस वाळवायचं यंत्र आलं. गरम वाऱ्याखाली गालिचा सुकला, आणि पावलं परत आली, आधीपेक्षा रुंद, जणू रात्रीतून फादरांचे पाय वाढले होते.

संध्याकाळी फोन वाजला.

"झाडं?" सासूबाईंचा आवाज.

"पाणी घातलं, आई."

"गालिचा?"

गालिचा त्या वेळी न्हाणीघरातल्या दोरीवर होता. "लटकतोय, आई," लुदोमिर म्हणाला. ते खरंच होतं. आणि उचकी लागली.

"उचकी का लागली तुला?"

"गार पाणी प्यालो."

"कोणीतरी तुझी आठवण काढत असेल."

"माझी कोण काढणार, आई?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

लुदोमिर भिंतीकडं तोंड करून बसला. खोपटं गेलं. शेगडी गेली. त्या खुर्चीत बियाविस्तोकचा धाकटा बसलेला त्याला दिसायला लागला, भांड्याखाली बशी ठेवून, लिथुआनियाचं स्टेशन बदलायच्या खटपटीत.

दुसऱ्या दिवशी त्याला आपल्या आजीची आठवण झाली. आमच्याकडं गालिचा धुतात तो बर्फानं. कोरड्या थंडीत ताज्या बर्फावर पालथा घालायचा, पाठीवर धोपटण्यानं बडवायचा, मळ बर्फात राहतो, गालिचा नव्यासारखा उठतो. आजी करायची, आजीची आजी करायची. लुदोमिर गालिचा खांद्यावर टाकून अंगणात उतरला. गालिचे टाकायच्या लोखंडी दांडीजवळ पांढराशुभ्र, कमरेएवढा ढीग होता. तो सपाट केला, सांबरं पालथी घातली आणि मनात जे जे होतं ते सगळं धोपटण्यात घालून बडवायला लागला. पहिल्यांदा फादरांच्या नावानं, मग सशाच्या कानांच्या, शेवटी स्वतःच्या.

ओनुफ्री फावडं टेकवून बघत उभा होता. बराच वेळ.

"लुदेक, गालिचा धुतोयस की लोणचं घालतोयस?"

"बर्फ आहे. स्वच्छ आहे."

"स्वच्छ दिसणारच. सकाळीच पायऱ्यांवरून ओढून टाकलाय मी. निम्मा बर्फ, निम्मं मीठ. नवा माल आहे, उणे पंचवीसलाही दगड पाघळवतो."

लुदोमिरचं धोपटणं हवेत राहिलं. "मग आधी सांगायचं नाही?"

"तू विचारलंस? बसमध्ये चढल्या चढल्या विचारायचास. इथं उतरून मग विचारतोस."

"ओनुफ्री, हा सासूबाईंचा आहे."

ओनुफ्रीनं टोपी काढली. मयताच्या वेळी काढतात तशी. मग गालिच्याचं एक टोक धरलं आणि दोघांनी तो वर नेला. जिन्यात एवढंच म्हणाला, "मी काही पाहिलं नाही. विचारलं तर मी आजारी होतो."

सुकल्यावर गालिच्यावर पावलं दिसेनात. पाऊल वेगळं ओळखू यायला बाजूचा भाग गालिच्याच्या रंगाचा लागतो. सगळाच पांढरा झाला होता. जंगलावर हिम, तळ्यावर हिम, सांबरं बिचारी हिवाळ्यात सापडलेली. लांबून बघितलं तर चित्र वाईट नव्हतं. पण लेओकाडियाबाई लांबून बघणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मिर्का चहा करत होती. किटली उचलली, आत डोकावली, आणि तशीच उभी राहिली.

"लुदेक, किटलीच्या तळाला हे पांढरं धरतं ते कशानं काढते मी?"

"मला काय माहीत?"

"तीस वर्षं चहा पितोयस तिच्यातला."

"मिर्का, आत्ता भांडू नकोस, माझ्या छातीत धडधडतंय."

"व्हिनेगर," मिर्का म्हणाली. "साबणानं किटलीचं जात नाही. गालिच्याचं कसं जाईल?"

तिनं आधी गालिचा कोरडाच झाडला आणि सुटं मीठ व्हॅक्यूमनं ओढून घेतलं. यंत्र आत वाळू गेल्यासारखं करकरलं. मग टबात कोमट पाणी आणि तेवढंच व्हिनेगर. कोपऱ्यात आधी एका ठिकाणी लावून पाहिलं, रंग जातो का. रंग राहिला. मग फडक्यानं टिपायचं, थोडं थांबायचं, जुन्या टॉवेलनं दाबून ओल काढायची, पुन्हा साध्या पाण्यानं टिपायचं, पुन्हा दाबायचं.

"घासू नकोस," ती दर मिनिटाला म्हणायची.

"घासत नाहीये."

"हात बघ तुझे. घासतोयस. भीती हातात उतरलीय तुझ्या."

लुदोमिरनं टिपायला सुरुवात केली, ताप आलेल्या लेकराचं कपाळ टिपावं तशी. एकेक सांबरू हिमातून बाहेर येत गेलं. मग एक अघटित घडलं. तळं निळं निघालं. इतकी वर्षं घरच्यांना वाटायचं की ते संध्याकाळचं धुकं आहे. तो सासऱ्यांच्या पाइपचा धूर होता, साऱ्या आयुष्याचा.

"हे वाईट झालं," लुदोमिर म्हणाला.

"स्वच्छ झालंय."

"तेच वाईट झालं. त्यांना कळणार."

त्याच टबात दाराबाहेरचं पायपुसणंही बुचकळलं. त्यातून निघालेलं पाणी बघून मिर्का नुसती "आई गं" म्हणाली. गालिचा सुकला, भिंतीवर गेला, झालरीला फणी झाली. खिडक्या उघडल्या. पण व्हिनेगरचा वास हा नातेवाइकांसारखा असतो, दार उघडं ठेवलं म्हणून जात नाही. दोन्ही घरं, जिना, लुदोमिरचा स्वेटर, सगळ्याला भरल्या बरणीचा वास मारत होता. सासूबाई यायला अजून अवकाश होता, तोवर जाईल, असं मिर्का म्हणत होती.

सासूबाई लवकर आल्या. तिथल्या डॉक्टरशी पटलं नाही म्हणे. टॅक्सीतून उतरून, ओनुफ्रीला "कसा आहेस" म्हणून (तो "आजारी होतो" म्हणाला), तिसऱ्या मजल्यावर आल्या. आपल्या दाराबाहेर त्यांनी बूट काढले, जोडीनं लावले आणि मोज्यांवर आत गेल्या. मागोमाग मिर्का बॅग घेऊन, तिच्यामागं लुदोमिर, तोंडावर हात ठेवून, कारण उचकी कधीही येऊ शकत होती.

लेओकाडियाबाई खोलीच्या मधोमध थांबल्या. नाक वर केलं.

"वास कसला?"

"काचा पुसल्या, आई," मिर्का म्हणाली.

"काचांना तर फुलं धरलीयत हिमाची."

सासूबाई भिंतीपाशी गेल्या.

"तळं निळं झालंय."

"उजेड पडलाय त्यावर," लुदोमिर म्हणाला.

"जानेवारीत?"

उचकी आली. सासूबाईंनी वळूनही पाहिलं नाही. त्यांनी चष्मा लावला, गालिच्यावरून डावीकडून उजवीकडं नजर फिरवली, एखादा शेतकरी बांध बघत जातो तशी. शेवटच्या सांबराच्या खुराखाली त्या वाकल्या. तिथं अगदी फिकी, नखाएवढी, अर्ध्या टाचेची पांढरी कोर राहिली होती. दोघांनी दहादा पाहूनही निसटलेली. लेओकाडियाबाईंनी त्यावर बोट फिरवलं. बोट जिभेला लावलं. डोळे मिटले.

"मीठ," त्या म्हणाल्या.

नोकरीभर लुदोमिरनं बिनतिकीट माणसांची बोलणी ऐकली होती. पकडला गेलेला माणूस आधी खोटं बोलतो, मग एका क्षणी त्याचं काहीतरी सुटतं आणि तो तिकिटाचं सांगता सांगता बालपणापर्यंत जातो. तो क्षण आता त्याच्यावर आला. त्यानं सगळं सांगितलं. फादर, दंड, सशाचे कान, साबण, गरम वारा, ओनुफ्रीचा ढीग, सगळं. शेवटी टेबलावरचं वळं पण पुन्हा एकदा सांगितलं, ते आधीच उघडकीला आलेलं होतं तरी.

"आई, बाग धाकट्याला दिलीत तरी मी शब्द काढणार नाही," तो म्हणाला. आवाज मात्र शब्दांच्या आधीच रडायला लागला होता. "फक्त रेडिओ त्याला देऊ नका. तो स्टेशन बदलेल."

लेओकाडियाबाई सोफ्यावर बसल्या. गप्प झाल्या. तीच ती चुप्पी. भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलत होतं, आणि मधूनमधून लुदोमिरची उचकी.

"तीन आठवडे," शेवटी सासूबाई म्हणाल्या.

"काय, आई?" मिर्कानं हळूच विचारलं.

"जवळजवळ तीन आठवडे मला खाऱ्या हवेत चालवलं. भिंतींवरून मीठ गळतंय. ओठांवर मीठ, टॉवेलात मीठ, उशीत मीठ. आणि ताटात? बिनमिठाचं सूप. बिनमिठाचे बटाटे. तो डॉक्टर, काल जन्मलेला, मला म्हणतो, आजी, रक्तदाब." त्यांनी ते बोट पुन्हा एकदा जिभेला लावलं, उगाचच, त्यावर काही उरलं नव्हतं. "जिन्यात पाऊल टाकलं आणि व्हिनेगरचा वास आला. मला वाटलं, पोरीनं माझ्यासाठी काकड्यांची बरणी उघडली."

मिर्का जमिनीकडं बघायला लागली. तिच्या मनात ते आलंच नव्हतं.

सासूबाईंचा हात गळ्याशी गेला. साखळी वर आली, मेरीमाता वर आली, पाठोपाठ किल्ली वर आली. साखळीचा फासा म्हाताऱ्या बोटांना सुटेना. लुदोमिर मदतीला पुढं झाला नाही. पुढं झालो तर विचार बदलेल, असं त्याला वाटलं. शेवटी किल्ली त्यांच्या तळहातावर पडली.

"खोपट्याच्या खालच्या खड्ड्यात. डावीकडच्या फळीवर, शेपू घातलेल्या. एक बरणी."

"आत्ता जातो, आई." त्यानं किल्ली घेतली. ती गळ्यातल्या उबेनं कोमट होती. दारापर्यंत गेला, थांबला, धीर गोळा केला. "आणि किल्ली मग... आल्यावर..."

"आधी काकड्या."

तो जिन्यात बूट चढवायला बसला. उचकी थांबली होती हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. नाडी बांधून उभा राहतो तोच आतून आवाज आला, तोच, न चढवलेला.

"लुदोमिर."

किल्ली त्याच्या मुठीत घामेजली. "काय, आई?"

"परत येशील तेव्हा बूट बाहेर काढ. नको म्हणायला इथं कुणी नाहीये."